परसातल्या हौदात कोईची पिल्लं : लातूर, जानेवारी ते जून (प्रकल्प नोंदी)

१८ जानेवारी

कोई या शोभेच्या रंगीत माशाची पिल्लं वाढवायला बांधलेला हौद ३ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, पाणी ८० सेंमी. एकूण ३,६०० लिटर. इथली जमीन काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर थेट टेकवलेल्या हौदाचा तळ तडकतो. म्हणून तळाखालची दीड फूट माती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुमसून घेतला आणि मगच काँक्रीट टाकलं. बांधकाम नको असेल तर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद चालतो, फक्त खाली खडा राहता कामा नये.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. पहिल्या भरणीत पीएच १० च्या वर होता. पाणी आठवडाभर मुरवून काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. काढलेलं पाणी कुंपणाच्या भिंतीला मारलं, वाया गेलं नाही. तिसऱ्या भरणीत पीएच ८.४ वर थांबला. बोअरचाच पीएच ८.१ आहे, त्यामुळे यापेक्षा खाली आणायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बसाल्ट खडकातून येतं. ते जड असतं, क्षार भरपूर, आणि त्यामुळेच पीएच दिवसभर फारसा हलत नाही. कोईला हे पाणी मानवतं. माशांपासून आणि कुजणाऱ्या खाद्यातून सुटणाऱ्या अमोनियाच्या बाबतीत मात्र हाच पीएच अंगावर येतो. त्याबद्दल एप्रिलच्या नोंदीत.

बोअरचं ताजं पाणी थेट माशांवर सोडायचं नाही. खोलातून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि इतर वायू दाबाखाली विरघळलेले असतात. ते पाणी झारीतून उंचावरून पाडलं आणि टाकीत २४ तास एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवला की काम भागतं. टँकरचं पाणी घेतलं तर क्लोरीन तपासल्याशिवाय ओतू नये, ब्लीचिंग पावडर कधी कमी, कधी फार जास्त पडलेली असते. १,००० लिटर पाण्यात २ मिग्रॅ प्रतिलिटर क्लोरीन असेल तर सुमारे १५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरतं.

२६ जानेवारी

नर-मादी वेगळे केले. मादी साधारण दोन किलोची, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं आणि हाताला मऊ. नर दोन, मादीपेक्षा सडपातळ. नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीजवळच्या परांवर बोट फिरवलं की पॉलिशपेपरसारखी खरखर लागते. हे पांढरे दाणे विणीच्या काळातच येतात. सगळी कोहाकू, म्हणजे पांढऱ्यावर लाल. एकाच प्रकारची जोडी असली की पुढची निवड सोपी जाते.

फेब्रुवारीच का, याचं कारण सरळ आहे. विणीला पाणी २० ते २४ अंश लागतं आणि ते इथे फेब्रुवारीत आपोआप मिळतं. त्याहून मोठं कारण एप्रिल. उन्हाळा लागायच्या आत पिल्लं दीड-दोन इंचांची झाली नाहीत तर ४१-४२ अंशांची दुपार त्यांना झेपत नाही. जुलै-ऑगस्टमध्येही वीण होते, पण पावसाचं गढूळ पाणी, बेडूक आणि पाणकिडे यांच्यामुळे तेव्हा पिल्लं कमी वाचतात. मार्च उजाडल्यावर वीण लावण्यापेक्षा ते वर्ष सोडून दिलेलं बरं.

११ फेब्रुवारी

विणीची टाकी २ × १ मीटर, पाणी ४० सेंमी, ८०० लिटर. नायलॉनचा दोर उसवून, त्याचे हातभर लांब झुबके करून दगड बांधून सोडले. जलपर्णीच्या मुळांवरही अंडी छान चिकटतात, पण मुळांतून गोगलगाई, जळवा आणि पाणकिड्यांची अंडी येतात. जलपर्णी वापरायचीच असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या १० मिग्रॅ प्रतिलिटर द्रावणात अर्धा तास बुडवून मग धुवावी. संध्याकाळी मादी आणि दोन्ही नर एकत्र सोडले. वर जाळी घट्ट बांधली, विणीच्या वेळी मासे उसळ्या मारतात.

१२ फेब्रुवारी

पहाटे वीण झाली. पाणी २२ अंश. नर मादीला झुबक्यांकडे रेटतात, पाणी फेसाळतं, वास येतो. हे आटोपल्यावर तिन्ही मासे लगेच काढले. कोई स्वतःचीच अंडी खातो आणि थकलेल्या मादीला नर ढुशा देत राहतात.

मादीच्या दर किलो वजनाला ढोबळ एक लाख अंडी धरावीत. ३,६०० लिटरच्या हौदात त्यातली फार थोडी पिल्लं वाढू शकतात. म्हणून सर्वांत चांगले भरलेले दोन झुबके ठेवले, बाकीचे उन्हात वाळवले. घरच्या हौदात पिल्लं मरतात त्याचं पहिलं कारण रोग नसतं, गर्दी असते. सगळी जगवायला जाणाऱ्याच्या हातात शेवटी मूठभरही उरत नाहीत.

पाण्याचा भपका फार होता, म्हणून अर्धं पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदललं. नंतर बुरशी रोखणारं मिथिलीन ब्ल्यू १ मिग्रॅ प्रतिलिटर: १ टक्का द्रावण असेल तर ८०० लिटरला ८० मिली. हे औषध चालू फिल्टर असलेल्या हौदात टाकायचं नाही, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात.

१३ फेब्रुवारी

फळलेली अंडी काचेसारखी पारदर्शक, पिवळसर झाक असलेली. न फळलेली दुधी पांढरी. बुरशी आधी पांढऱ्यांवर धरते आणि कापसासारखी पसरत शेजारच्या चांगल्या अंड्यांना गिळते. चिमट्याने पांढऱ्यांचे पुंजके काढले. एअरस्टोनचे बुडबुडे झुबक्याच्या शेजारून जाऊ द्यावेत, थेट अंड्यांवर नकोत.

१५ फेब्रुवारी

दुपारपासून अंडी फुटायला लागली. २२ अंशांना तीन ते चार दिवस लागतात, पाणी थंड असेल तर जास्त. जिरे (अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं) सुमारे ५ मिमीचे, टाकीच्या भिंतीला आणि झुबक्यांना डोकं वर करून लटकलेले. पोटाशी पिवळी पिशवी आहे, तोवर खाऊ द्यायचा नाही. दिला तर तो तळाशी कुजतो आणि पाणी जातं.

आजच मोठ्या हौदात खत घातलं. ही वेळ जुळवणं महत्त्वाचं आहे: जिरे पोहू लागून दोन-तीन दिवस होतात तेव्हा हौदात सूक्ष्म प्राणी नुकते वाढलेले असले पाहिजेत. मत्स्यबीज तळ्यांची ठरलेली मात्रा हेक्टरला शेंगदाणा पेंड ७५० किलो, शेण २०० किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ५० किलो. आपल्या ४.५ चौरस मीटरला पेंड ३४० ग्रॅम, शेण ९० ग्रॅम, सुपर फॉस्फेट २२ ग्रॅम. सगळं रात्रभर भिजवून दाट लगदा करून त्यातला निम्मा आज पाण्यात कालवून फिरवला. बाकीचा दोन-तीन हप्त्यांत, पाण्याचा रंग बघून. पेंडीला बुरशी आलेली असेल तर ती घेऊ नये.

खत जास्त झालं की काय होतं? पाणी दोन दिवसांत गडद हिरवं होतं, दुपारी पीएच ९ च्या वर जातो आणि पहाटे प्राणवायू संपतो. पेंडीचा लगदा घातल्यावर रात्री एअरपंप बंद ठेवायचा नाही.

१८ फेब्रुवारी

जिरे पृष्ठभागावर आले, हवा घेऊन वाताशय (पोटातली हवेची पिशवी) भरला आणि आडवे पोहू लागले. या वेळी पाण्यावर तेलकट साय असेल तर त्यांना हवा घेता येत नाही. अशी पिल्लं मग तळाशीच घसटत राहतात. साय जुन्या वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अंथरून उचलली.

पहिलं खाणं उकडलेल्या अंड्याचा बलक. वाटाण्याएवढा तुकडा मऊ सुती कापडात बांधून पेलाभर पाण्यात पिळला. दुधी पाणी थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. अर्ध्या तासाने तळाशी पिवळा थर दिसला तर ते जास्त झालं, नळीने ओढून घ्यावं.

सोबत आर्टेमिया लावला: मिठाच्या पाण्यातला बारीक जीव, त्याची नुकती फुटलेली पिल्लं जिऱ्यांना खाऊ. उलट्या बाटलीत १ लिटर पाणी, २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, आर्टेमियाची २ ग्रॅम अंडी, खालून जोरात हवा, वर बल्ब. २८ अंशांना २४ ते ३० तासांत फुटतात. फेब्रुवारीतल्या रात्री थंड असतात, त्यामुळे बल्बची ऊब लागतेच. काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं: टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं तळाशी उजेडाकडे गोळा होतात. फक्त तीच नळीने घेऊन, कापडात गाळून, गोड्या पाण्यात धुवायची. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं तुंबतं.

१९ फेब्रुवारी

हौदात पाठीवर पोहणारे पाणकिडे दिसले. एक पाणकिडा दिवसात कित्येक जिरे संपवतो. उपाय जुना, साबण-तेलाचा: हेक्टरला साबण १८ किलो, तेल ५६ किलो, म्हणजे आपल्या हौदाला साबण ८ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम. साबण गरम पाण्यात विरघळवून त्यात तेल घोटत घोटत मिसळलं आणि वारा पडल्यावर पृष्ठभागावर शिंपडलं. तेवढ्यापुरती हवा बंद, नाहीतर तवंग फुटतो. हे किडे श्वासासाठी वर येतात आणि तवंगामुळे गुदमरतात. रात्री तवंग कागदाने टिपून हवा पुन्हा चालू केली.

चतुराच्या अळ्या याने मरत नाहीत. त्यांचे कल्ले शेपटाकडच्या भागात, शरीराच्या आत असतात. त्या पाण्यातूनच श्वास घेतात. त्या तळ खरवडून जाळीनेच काढाव्या लागतात. हौद भरल्या दिवसापासून मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं तर चतुर अंडीच घालू शकत नाही. पुढच्या खेपेला ते आधी.

२१ फेब्रुवारी

हौदातलं ५० लिटर पाणी मलमलमधून गाळून, वर अडकलेला सूक्ष्म प्राण्यांचा गाळ नळीत अर्धा तास स्थिर ठेवला: दीड मिली. एक ते दोन मिली चांगलं. डोळ्याला दिसणारे उड्या मारणारे सायक्लोप्स (बारीक पाणजीव) फार झाले असतील तर उशीर झाला समजावं, ते जिऱ्यांना चावतात.

६०० जिरे सोडले. मोजणी पेल्याची: एका पेल्यातले मोजायचे आणि त्या हिशेबाने पेले ओतायचे. दोन्ही पाण्यांतला फरक २ अंशांपेक्षा कमी होईपर्यंत बादली हौदात तरंगत ठेवली. उरलेल्या जिऱ्यांपैकी थोडे विणीच्या टाकीतच राखीव.

२८ फेब्रुवारी

पिल्लं ९-१० मिमी, पोटं भरलेली. बलक बंद. तारेसारखं शेवाळ कोपऱ्यात धरतंय. त्यात पिल्लं अडकून मरतात, म्हणून काठीला गुंडाळून काढलं.

९ मार्च

नैसर्गिक खाद्य कमी पडू लागलं: गाळ अर्धा मिली. आजपासून ४० टक्के प्रथिनांचा ०.५ मिमी चुरा, दिवसातून चार वेळा, पाच मिनिटांत संपेल तेवढाच. घरगुती पर्याय म्हणजे शेंगदाणा पेंड आणि तांदळाचा कोंडा समभाग, बारीक चाळून, पण त्यात सुकटीची पूड तिसरा हिस्सा तरी हवी. नुसत्या पेंडीवर वाढ मंद राहते.

काही पिल्लं बाकीच्यांच्या दुप्पट झाली आहेत. ही भावंडांना शेपटीकडून धरून गिळतात. अशी २० निवडून वेगळ्या टबात काढली. मोठी म्हणून ती चांगली असतात असं नाही, त्यांचे रंग बहुधा सुमार निघतात.

२२ मार्च

पहिली निवड. पिल्लं इंचभर, मत्स्यव्यवसाय खात्याच्या भाषेत अर्धबोटुकली. पांढऱ्या उथळ घमेल्यात दहा-दहा घेऊन वरून बघायचं. कोई वरूनच बघायचा मासा आहे. पाठीचा कणा वाकडा, कल्ल्याचं झाकण आखूड, तोंड दबलेलं, एका बाजूचा पर नाही: ही आधी बाजूला. मग पूर्ण पांढरी आणि पूर्ण लाल. फिकट नारिंगी डाग असला तरी ठेवावा, लाल रंग पुढे दाट होतो. काठ स्पष्ट आहेत का ते महत्त्वाचं. सुमारे ४३० मधून १२० ठेवली.

काढलेल्यांचं काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. मांजरा नदी, ओढा, पाझर तलाव यांत सोडायची नाहीत. कोई म्हणजे आपल्याकडे मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात त्याचीच रंगीत जात. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांची जागा खातो. सांडवा नसलेल्या, कागद अंथरलेल्या शेततळ्यात कुणाला हवी असतील तर द्यावीत. वाकडी-तिकडी पिल्लं लवंग तेलात शांतपणे संपवावीत: १० लिटर पाण्याला ४ मिली, आधी पेलाभर कोमट पाण्यात जोरात हलवून. हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तशीच ठेवून मग झाडाच्या बुडाशी पुरावीत.

१० एप्रिल

हवा ४० अंश. हौदावर ७५ टक्के सावलीचं हिरवं शेडनेट, पाण्यापासून सहा फूट वर, पश्चिमेकडची बाजू जमिनीपर्यंत. बाकी ऊन सोसतं, पश्चिमेचं ऊन मारतं. नेट पाण्यालगत बांधलं तर खाली वाफ कोंडते. दुपारी ३ ला पृष्ठभाग ३१, तळ २९.

उघड्या पाण्याची पातळी अशा दिवसांत रोज साधारण १ सेंमी उतरते, ४.५ चौरस मीटरला ४५ लिटर. नेट घातल्यावर बरीच कमी. पण नुसती भर घालत राहणं बरोबर नाही. वाफ होताना पाणी जातं, क्षार राहतात. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६८० वरून ९१० झाला आहे. म्हणून आठवड्यातून दोनदा १० टक्के, म्हणजे ३६० लिटर, तळातून काढायचं आणि तेवढं नवं घालायचं. काढलेलं लिंबू, कढीपत्ता आणि पपईला जातं. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे माशांचं पाणी गटारात सोडणं पटत नाही. झाडांना ते खतासारखं लागतंही.

२४ एप्रिल

एकूण अमोनिया १ मिग्रॅ प्रतिलिटर. किटच्या कागदावर हा आकडा फार भीतिदायक दिसत नाही. पण विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. पाणी २० अंश आणि पीएच ७.५ असेल तर त्यातला सव्वा टक्का विषारी, म्हणजे ०.०१२ मिग्रॅ. ३० अंश आणि पीएच ८.५ ला तोच भाग २० टक्के, म्हणजे ०.२ मिग्रॅ. ०.०५ च्या पुढे कल्ले जळू लागतात. आज संध्याकाळी पीएच ८.५, पाणी ३० अंश. आपल्या पाण्यात अमोनियाचं किट पीएचच्या किटशिवाय वाचायचंच नाही, आणि दोन्ही तपासण्या संध्याकाळी करायच्या, कारण हिरव्या पाण्याचा पीएच तेव्हा सर्वांत वर असतो.

लगेच केलं ते: खाद्य दोन दिवस बंद, सलग दोन दिवस २५ टक्के पाणी बदल. पिल्लं दोन दिवस उपाशी राहिली तर काही होत नाही. २०० लिटरच्या ड्रमचा फिल्टर जोडला: खाली ब्रश, वर जाळीदार मॅट, तासाला २,००० लिटरचा पंप. पंपाच्या तोंडाला जाड स्पंज, नाहीतर पिल्लं ओढली जातात. नवा फिल्टर बसायला, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून विणीच्या टाकीतला जुना स्पंज ड्रममध्ये पिळला. मॅट धुवायची ती हौदाच्याच पाण्यात.

३ मे

तीन पिल्लांच्या पराच्या बुडाशी धाग्यासारखं काहीतरी, भोवती लाल चट्टा. नांगरकृमी, म्हणजे माशाच्या अंगात डोकं रुतवून बसणारा परजीवी. विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यातून, जाळीतून, बाहेरून आणलेल्या डाफ्नियातून (माशांना घालायचे पाणपिसू) येतो. मिठाने जात नाही. पिल्लू ओल्या कापडात धरून चिमट्याने अगदी बुडाशी पकडून सरळ ओढला, जखमेवर पोटॅशियम परमँगनेटचा बोळा. डोकं आत राहिलं तर जखम चिघळते. ती तिन्ही वेगळ्या टबात, १०० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, जखम भरेपर्यंत. मीठ मोठ्या हौदात घातलं नाही: ११ किलो लागलं असतं आणि ते पाणी झाडांना देता आलं नसतं.

२२ मे

हवा ४२. पाणी दुपारी ३२.५. ३० अंशांना लिटरभर पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त ७.५ मिग्रॅ मावतो. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे त्याहूनही थोडा कमी. रात्री शेवाळही तोच वापरतं. धोक्याची वेळ दुपार नाही, पहाटे चार ते सूर्योदय. पिल्लं पाण्यावर तोंड काढून ओठ हलवत असतील तर तो बहुधा प्राणवायूचा प्रश्न. पाणी बदला, खाद्य थांबवा, औषध शोधत बसू नका.

वीज याच दिवसांत जाते. १२ व्होल्टचा ६ वॅटचा एअरपंप ७ एएचच्या बॅटरीवर आठ तास सहज चालतो. तो जोडून ठेवायचा आणि आठवड्याला एकदा मेन स्विच बंद करून तपासायचा.

खाद्य सकाळी ८ आणि संध्याकाळी ६, दुपारचं बंद. पाणी ३२ च्या वर असताना पोटातलं पचवायलाच त्यांना प्राणवायू पुरत नाही. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या हौदात टाकू नयेत. त्याने तापमान खाली-वर होतं, आणि पिल्लांना ३२ अंशांपेक्षा हे हेलकावे जास्त बाधतात.

खंड्या सकाळी तारेवर येऊन बसतो. एक इंची नायलॉन जाळी पाण्यापासून दीड फूट वर, ताणून. ढिली असेल तर तो जाळीसकट खाली दाबून मासा उचलतो.

९ जून

मृगाचा पहिला पाऊस, रात्री. गच्चीचं पाणी हौदात येणारा पाइप आधीच वळवला होता. पहिल्या पावसाचं पाणी धूळ, पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं, ते हौदाला नकोच. पाणी ३० वरून २६ वर आलं, सकाळी खाद्य दिलं नाही. भरून वाहण्याच्या नळीला जाळी बसवली. दिवड (पाणसाप) बांधावर दिसली. नळीचं दुसरं तोंडही जाळीने बंद केलं.

२१ जून

दुसरी निवड. ११० पैकी ४० ठेवली, ७ ते ९ सेंमी. या वेळी निकष अंगाची ठेवण: डोक्यामागून खांदा भरलेला, शेपटीचा बुंधा जाड, लाल पट्टा डोक्यापासून सुरू होऊन शेपटीच्या आधी थांबलेला. ४० हासुद्धा या हौदाला वर्षअखेरपर्यंतचाच आकडा. पिल्लं १५ सेंमीची झाली की पुन्हा निवड, आणि शेवटी ३,६०० लिटरमध्ये तीनपेक्षा जास्त मोठे कोई ठेवायचे नाहीत. दिवाळीपर्यंत कोण किती नेणार हे आत्ताच बोलून ठेवलं आहे.

खाद्य आता २ मिमी गोळी, ३५ टक्के प्रथिनं, वजनाच्या ३ टक्के. ४० पिल्लं, सरासरी ८ ग्रॅम, म्हणजे रोज १० ग्रॅम, दोन वेळांत. पावसाळ्यात गोळीला दमट हवा लागून बुरशी धरते, म्हणून महिन्याचीच आणायची आणि झाकणाच्या डब्यात ठेवायची.